व्यायामाची इच्छाच होत नाही, तेव्हा

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये बैठ्या दिनक्रमाविषयी विचारणा करणारी पत्रे बरीच होती. त्यांपैकी तीन येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील अडचण इतरही अनेकांनी कळवली आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ४७ वर्षांचा असून डोंबिवलीत राहतो व एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करतो. २०२० मध्ये घरून काम सुरू झाले, ते आजतागायत तसेच चालू आहे. महिन्यातून एखाद्या वेळीच कार्यालयात जावे लागते. सकाळी नऊला उघडलेला लॅपटॉप रात्री आठच्या सुमारास मिटतो. पूर्वी मी कधीही व्यायाम केला नाही, तरी प्रकृती ठणठणीत होती. आता दोन मजले चढले की धाप लागते, सकाळी कंबर धरते, आणि गेल्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.१ निघाली. उंची १६८ सेंटिमीटर व वजन ६९ किलो आहे, म्हणजे मी जाड नाही. फक्त पोट सुटले आहे, कंबर ९४ सेंटिमीटर भरते. गेल्या जानेवारीत व्यायामशाळेची वर्षभराची फी भरली आणि अकरा दिवस गेलो. नंतर चालण्यासाठी बूट आणले, ते अजून खोक्यातच आहेत. घरचे मला आरंभशूर म्हणतात आणि आता मलाही ते खरे वाटू लागले आहे. व्यायामाची इच्छाच नसलेल्या माणसाने काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘पूर्वी मी कधीही व्यायाम केला नाही’ या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथेच सापडते असे वाटते. २०१९ मधला तुमचा एखादा साधा कामाचा दिवस आठवून पाहा. घरापासून स्थानकापर्यंत चालत जाणे, पुलाचा जिना चढणे आणि उतरणे, फलाटावर उभे राहणे, गाडीत तासाहून अधिक काळ एका हाताने कडी धरून तोल सांभाळत उभ्याने प्रवास करणे, उतरल्यावर पुन्हा जिना, पुन्हा कार्यालयापर्यंतचे चालणे, दुपारी जेवणानंतर सहकाऱ्यांबरोबर खाली एक फेरी, आणि संध्याकाळी हे सगळे उलट क्रमाने, वर भाजीची पिशवी. चालण्याचा आणि जिन्यांचा वेळ धरला तर दिवसाकाठी तासभर तरी सहज भरत असेल. तुम्ही त्याला दगदग म्हणत होता, आणि ती दगदग होतीही. पण तुमच्या पायांना, हृदयाला आणि स्वादुपिंडाला तो व्यायामच होता. घरून काम सुरू झाल्यावर प्रवासाचा त्रास गेला आणि त्याच्याबरोबर हा न मोजलेला व्यायामही गेला. तुमच्या स्वभावात २०२० साली काही बदल झाला असे मला वाटत नाही. बदलली ती दिवसाची रचना, आणि म्हणून दुरुस्तीही तेथेच करायची आहे.

कामातच मिसळलेल्या या हालचालीचे मोल किती असते, हे वैद्यकशास्त्राला एका बससेवेने शिकवले. जेरेमी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाने १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालक पाळीतील बहुतेक वेळ बसलेला असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसभर वरखाली करत असे आणि एका पाळीत सुमारे ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. दोघेही एकाच गाडीवर, साधारण सारख्याच आर्थिक परिस्थितीतले. तरीही वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले आणि झटका आलाच तर तो तुलनेने उशिरा व कमी घातक असे. घरोघरी टपाल वाटणारे पोस्टमन आणि टपाल कार्यालयात बसून काम करणारे कारकून यांच्यातही असाच फरक दिसला. मुळात चालकच अंगाने स्थूल असतील, ही शंका संशोधकांनाही आली. त्यांनी गणवेशाच्या कमरेची मापे काढून पाहिली आणि चालक खरोखरच कमरेने अधिक रुंद निघाले. मात्र पुढील अभ्यासात सडपातळ चालकांची सडपातळ वाहकांशी तुलना केली, तेव्हाही धोका चालकांनाच अधिक असल्याचे दिसून आले. यांपैकी कोणत्याही वाहकाला व्यायामाची इच्छा होते का, असे कोणी विचारले नव्हते. त्यांच्या कामाने त्यांना उठवले, एवढेच.

‘मी जाड नाही’ हे तुमचे म्हणणे मात्र मी मान्य करू शकत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिले आहे, की भारतीय माणूस वजनकाट्यावर बारीक दिसला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण, विशेषतः पोटाभोवती, युरोपीय माणसापेक्षा जास्त असते आणि स्नायू कमी असतात. त्यामुळे आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे मानतात. तुमचे ९४ सेंटिमीटर आणि ६.१ ही दोन्ही मापे एकच गोष्ट सांगत आहेत. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा समजला जातो. येथून मागे फिरता येते आणि अनेक जण फिरतात.

आता काय करायचे ते सांगते. दोन मजल्यांनी धाप लागते, म्हणून आधी तुमच्या डॉक्टरांकडून रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि हृदयाचा आलेख तपासून घ्या. चालताना छातीत दडपण येत असेल, किंवा जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात कळ जात असेल, तर तपासणी होईपर्यंत पुढचे काहीही सुरू करू नका.

तपासणी ठीक निघाली, की घरी असूनही कार्यालयात ‘जायला’ लागा. साडेआठला घरातून निघायचे, सात मिनिटे एका दिशेने चालायचे, वळायचे आणि परत येऊन कामाच्या टेबलाशी बसायचे. रात्री आठला लॅपटॉप मिटला की तसेच ‘परत’ यायचे. चालण्याला स्वतंत्र वेळ काढायचा म्हटले की तो वेळ रोज कशासाठी तरी बळी जातो, हे मी तीस वर्षांच्या व्यवसायात शेकडो रुग्णांकडून ऐकले आहे. जी गोष्ट आधीच रोज घडते तिच्या शेपटीला चालणे बांधले तर ते टिकते. लॅपटॉप रोज उघडतो आणि रोज मिटतो, म्हणून मी ती दोन टोके धरली.

दुसरा मोठा आधार आपल्या घरांत पूर्वापार आहे, तो शतपावलीचा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. स्नायू आकुंचन पावू लागले की इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ते रक्तातील साखर आत ओढून घेतात. तुमच्यासारख्या उंबरठ्यावरच्या माणसाला, ज्याचे इन्शुलिन नीट काम करेनासे झाले आहे, हा दुसरा दरवाजा फार मोलाचा आहे. नावात शंभर पावले असली तरी तुम्ही हजार-बाराशे चाला. घराखाली उतरणे शक्य नसेल तर सोसायटीच्या गच्चीवर चाला, पाऊस असेल तर जिन्याखालच्या वाहनतळात चाला. दुपारच्या जेवणानंतरची शतपावली मला रात्रीच्या इतकीच महत्त्वाची वाटते, कारण तुम्ही त्यानंतर थेट सहा तास बसता.

तिसरी गोष्ट या बसण्याविषयी. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, वजन जास्त असलेल्या मध्यमवयीन व्यक्तींना सलग बसवून ठेवले असता आणि दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटे सावकाश चालायला लावले असता, यांत जेवणानंतरची साखर दुसऱ्या वेळी सुमारे पाव हिश्श्याने कमी आढळली. तुम्हाला दर वीस मिनिटांनी उठणे जमणार नाही. पण येणारा प्रत्येक फोन उभ्याने घेणे जमेल. मी स्वतः माझ्या खोलीत घंटी वाजवून रुग्णांना आत बोलावत असे. काही वर्षांपूर्वी ती घंटी काढून टाकली आणि प्रत्येक रुग्णाला बोलावण्यासाठी उठून दारापर्यंत जाऊ लागले. दिवसाला तीस-पस्तीस रुग्ण असतात, म्हणजे तितक्या वेळा खुर्ची सुटते. संध्याकाळी पायांना येणारी सूज आणि पाठीचा ताठरपणा महिन्याभरात कमी झाला, आणि रुग्ण दारापासून खुर्चीपर्यंत कसा चालतो, हेही मला नीट दिसू लागले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली आहे. पूर्वी त्यातला प्रत्येक तुकडा सलग दहा मिनिटांचा तरी असावा अशी अट होती; ती आता काढून टाकली आहे. म्हणजे तीन मिनिटांचा जिनादेखील हिशेबात धरला जातो. मध्यम श्रम ओळखण्याची सोपी खूण अशी, की चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. सुरुवातीचे दोन आठवडे तुम्ही या खुणेकडेही पाहू नका, फक्त ठरल्या वेळी दाराबाहेर पडा.

आणि आता इच्छेविषयी. इच्छा झाली की व्यायाम सुरू करू, असे आपण धरून चालतो. माझा अनुभव असा आहे की बहुतेकांच्या बाबतीत क्रम उलटा असतो. आधी पाय चालू लागतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झोप सुधारते, जिना सोपा होतो, आणि मग एखाद्या दिवशी चालणे चुकले तर चुकल्यासारखे वाटते. ही चुकचुक म्हणजेच तुम्ही शोधत असलेली इच्छा. लंडनमधील संशोधकांनी २०१० च्या सुमारास लोकांच्या नव्या सवयींचा माग घेतला, तेव्हा एखादी कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. व्यायामशाळेत तुम्ही अकरा दिवस गेलात आणि बाराव्या दिवशी स्वतःवर आरंभशूराचा शिक्का मारून घेतलात. नव्याचे नऊ दिवस सगळ्यांचेच संपतात. त्यानंतरचा काळ उत्साहाच्या बळावर काढता येत नाही, म्हणून तो काळ सोपा करून ठेवावा लागतो. बूट आज रात्रीच खोक्यातून काढा, नाड्या सैल करा आणि मोज्यांसह दाराशी ठेवा. ज्या दिवशी अगदीच नको वाटेल, त्या दिवशी बूट घालून फक्त फाटकापर्यंत जा आणि वाटल्यास परत या. माझ्या रुग्णांपैकी फाटकापासून परत आलेले फार थोडे आहेत.

व्यायामशाळेत तीन महिन्यांनी पुन्हा जा. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम हवेतच, कारण भारतीय शरीरात स्नायूंचाच तुटवडा आहे. परंतु त्यापूर्वी रोज घराबाहेर पडण्याची सवय पक्की होऊ द्या. एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि कंबरही मोजा. वजन कमी झाले नसले तरी निराश होऊ नका, कंबर आधी उतरते.

प्रश्न : मी ६१ वर्षांची गृहिणी आहे. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. पहाटेपासून घरातले सगळे काम मीच करते, मग वेगळा व्यायाम करण्याची गरज आहे का? गुडघे दुखतात आणि झीज झाली आहे असे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्यामुळे चालले तर आणखी झीज होईल अशी भीती वाटते. मुलाने पावले मोजणारे घड्याळ पाठवले आहे आणि रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत असा त्याचा आग्रह आहे. माझी जेमतेम तीन हजार होतात. शिवाय आमच्याकडे साडीवर बूट घालून रस्त्याने चालणे बरे दिसत नाही.

उत्तर : ताई, घरकामाचे श्रम खरेच असतात आणि ते हिशेबात धरलेच पाहिजेत. मात्र त्यातील बरेचसे काम ओट्यापाशी एका जागी उभे राहून होते. त्याने पाय भरून येतात, दमणूक होते, पण श्वासाचा वेग वाढत नाही आणि मांडीच्या स्नायूंना बळ मिळत नाही. थकवा आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या घरांतील अनेक बायकांच्या वाट्याला पहिली भरपूर आणि दुसरी अगदी थोडी येते.

दहा हजारांचा आकडा कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावले मोजणारे यंत्र विकायला काढले आणि त्याचे नाव ‘दहा हजार पावलांचे मापक’ असे ठेवले. तेथून तो आकडा जगभर गेला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या हजारो स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते आणि ७,५०० च्या पुढे फायदा विशेष वाढला नाही. मुलाला हे वाचून दाखवा. तुम्ही आजच्या तीन हजारांवर दर पंधरा दिवसांनी पाचशे वाढवत नेलीत तर मला समाधान आहे.

गुडघ्यांच्या झिजेत योग्य व्यायामाने दुखणे कमी होते. हा उपचाराचाच भाग आहे. गुडघा ज्या स्नायूंच्या आधारावर उभा असतो ते मांडीचे पुढचे स्नायू न वापरल्याने बारीक होतात, मग सगळा भार सांध्यावर येतो आणि दुखते म्हणून आपण आणखी कमी चालतो. हे चक्र मोडण्यासाठी एक खुर्ची पुरेशी आहे. लाकडी, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवा. थोडे पुढे सरकून बसा, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे आणि एकमेकांपासून वीतभर अंतरावर ठेवा. शरीर कमरेतून पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांच्या वर आले की टाचांवर भार देऊन उठा. सुरुवातीला हात मांड्यांवर टेकले तरी चालेल. खाली बसताना मनात चार अंक मोजत सावकाश बसा. धप्पकन बसू नका, कारण या खाली येण्यातच मांडीला खरे काम मिळते. पाच वेळा करा, थोडे थांबा, पुन्हा पाच वेळा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ यासाठी अगदी योग्य आहे. रात्री अंथरुणावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने खाली दाबा, पाच अंक मोजा आणि सोडा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. व्यायामानंतर थोडे दुखले आणि सकाळपर्यंत थांबले तर काळजी नाही. दुसऱ्या दिवशीही दुखले किंवा सूज आली तर संख्या निम्मी करा आणि जवळच्या भौतिकोपचार तज्ज्ञांना दाखवा.

साडी आणि बुटांविषयी तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत, हे फार बरे झाले, कारण कितीतरी स्त्रियांचे चालणे या एका संकोचापायी सुरूच होत नाही. साध्या चपलेने ठेच लागते आणि गुडघ्यावर हिसका बसतो, त्यामुळे पाय मागून धरून ठेवणारे काहीतरी हवेच. बूट नको असतील तर मागे पट्टा असलेली, जाड मऊ तळव्याची सँडल घ्या. साडी घोट्यापर्यंत थोडी वर नेसा. आणि एकट्याने निघू नका. भिशीतल्या किंवा भजनी मंडळातल्या दोघीजणींना बरोबर घ्या. तिघी मिळून निघालात की बघणाऱ्यांची नजर निवळते, आणि तुम्ही एखाद्या दिवशी आला नाहीत तर दारात येऊन हाक मारणारे कोणीतरी असते.

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे, स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात आलो आहे. अभ्यासिकेत रोज अकरा-बारा तास बसतो. मान आणि पाठ दुखते, वजन वर्षात सात किलो वाढले. व्यायाम करावा असे वाटते, पण तो वेळ अभ्यासातून चोरल्यासारखा वाटतो आणि मन खाते.

उत्तर : बारा तासांपैकी तुमच्या खरोखर डोक्यात शिरणारे तास किती, हे एक आठवडा प्रामाणिकपणे वहीत लिहून पाहा. सलग बसलेल्या तिसऱ्या तासात आपण तेच पान पुन्हा पुन्हा वाचत असतो. थोडे भरभर चालून आल्यानंतर काही काळ लक्ष अधिक चांगले लागते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. परिणाम फार मोठा नसला तरी मन खाण्याचे कारण त्यातून नक्कीच उरत नाही. सकाळी अभ्यासिकेत जाण्यापूर्वी अर्धा तास चाला किंवा सूर्यनमस्कार घाला. आदल्या दिवशी वाचलेले चालता चालता मनात आठवा आणि जे आठवत नाही ते परतल्यावर आधी उघडा. हा अभ्यासच आहे. रविवारी पर्वती चढा. मानेसाठी पुस्तक उतरत्या लाकडी घडवंचीवर, डोळ्यांच्या पातळीच्या जवळ ठेवा.

आणि टेबलावरची दोन लिटरची पाण्याची बाटली घरी ठेवून द्या. तिच्याऐवजी पाव लिटरची लहान बाटली आणा, म्हणजे ती दर तासाला संपेल आणि भरण्यासाठी तुम्हाला उठून नळापर्यंत जावेच लागेल.